लेथ भंगारात घालण्याआधी

एचएमटी म्हटलं की आजोबांचं चावीचं घड्याळ आठवतं. पण नावातल्या ‘एमटी’चा घड्याळाशी संबंध नाही. ते मशीन टूल्स, म्हणजे यंत्रं घडवणारी यंत्रं. सरकारने १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या मदतीने बेंगळुरूला हा कारखाना काढला आणि सुरुवात केली लेथपासून. घड्याळं नंतर आली, १९६१ मध्ये.

त्याच्याही बारा वर्षं आधी, १९४१ साली, किर्लोस्करांनी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी केली होती, तीही लेथ बनवायला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि परदेशातून यंत्रं येणं अवघड झालं होतं. लेथ नसेल तर पंपाचा शाफ्ट नाही, बुश नाही, साधा बोल्टही नाही, हे तेव्हा सगळ्यांना नीट कळलं.

नगर जिल्ह्याने, म्हणजे आजच्या अहिल्यानगरने, हीच गोष्ट आपल्या पद्धतीने अनुभवली. लोणीच्या प्रवरा सहकारी कारखान्यापासून साखर कारखाने वाढत गेले. गळीत हंगाम संपला की झिजलेले रोलर लेथवर चढतात आणि त्यांच्या खाचा पुन्हा पाडल्या जातात. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकची लूना आली आणि ती नगरच्या कारखान्यात बनू लागली. मोपेडमधल्या बहुतेक गोल वस्तू कुठल्या ना कुठल्या टर्नरच्या हाताखालून जातात. एमआयडीसीतल्या एका गाळ्यात एक लेथ, एक ड्रिल आणि एक माणूस, एवढ्यावर अनेकांचे संसार उभे राहिले.

आता त्या गाळ्यांत सीएनसी आली आहे. जुनी लेथ बाहेर निघतात आणि पुष्कळदा किलोच्या भावात जातात. घरी छोटी वाफेची इंजिनं, मॉडेलं किंवा दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या हौशी माणसासाठी मात्र हीच संधी असते. प्रश्न एकच: झिजलेलं यंत्र पुन्हा अचूक होतं का?

उत्तरासाठी लंडनला, १८००च्या सुमारास हेन्री मॉडस्लीच्या कारखान्यात जावं लागेल. त्याने भक्कम लोखंडी बेड, हत्यार पकडणारी सरकती स्लाइड आणि लीड स्क्रू एकत्र आणून आटे पाडणारं लेथ बनवलं. पण बेड सरळ हवा, तर तो कशाशी ताडून पाहायचा? दोन पाट्या एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही नेमक्या जुळतात. तीन पाट्या आलटून-पालटून जुळवल्या तर ही लबाडी चालत नाही. तिन्ही सपाटच व्हाव्या लागतात. मॉडस्लीकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ही रीत जाहीरपणे मांडली, आणि पाट्या घासण्याऐवजी स्क्रॅपरने खरवडा, असं सांगितलं. म्हणजे यंत्राची अचूकता मुळात हातातून आली. म्हणूनच ती हाताने परतही आणता येते.

लेथचा बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक कामं आखूड असतात, त्यामुळे चकजवळचा भाग खाल्ला जातो आणि टेलस्टॉककडचा भाग जवळपास नवा राहतो. तोच नवा भाग दुरुस्तीचा आधार. सरळपट्टीला निळ्या रंगाचा पातळ थर लावून ती बेडवर फिरवतात. जिथे निळा ठिपका उमटला, तो उंचवटा. तेवढाच खरवडायचा, पुसायचं, पुन्हा रंग लावायचा. एका वेळी काही मायक्रॉनच निघतात. काम चिकाटीचं आहे, पण फिटरला नवीन नाही. बेड हार्डन केलेला असेल तर मात्र स्क्रॅपर चालत नाही, ग्राइंडिंगच करावं लागतं.

त्याआधी एक स्वस्त परीक्षा आहे. चकमध्ये जाड सळई धरा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका, दोन्ही टोकांना हलका कट घ्या आणि व्यास मोजा. फरक आला म्हणजे झीजच असेल असं नाही. जमीन असमान असली की बेडला पीळ पडतो. पायाखाली पत्र्याचे तुकडे सारून लेव्हल साधली की पुष्कळदा हा फरक जातो. न झिजलेलं यंत्रही केवळ वाकडं बसलं म्हणून भंगारात जाऊ शकतं.

सुधारणा त्यानंतर. घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह, झटपट बदलता येणारा टूलपोस्ट, डिजिटल आकडे, हे सगळं उपयोगी आहे. पण डिजिटल स्केल स्लाइड किती सरकली एवढंच सांगते. बेड खाल्लेला असेल तर ती चुकीच्या कामाचाही आकडा तितक्याच ठामपणे दाखवते.

म्हैसूर किर्लोस्कर पुढे बंद पडली. तिच्या लेथचा झिजलेला क्रॉस स्लाइड नट आता कंपनीकडून मिळणार नाही. पण काढण्याआधी त्याच झिजलेल्या नटावर, त्याच लेथवर, गनमेटलचा नवा नट कातता येतो. बाकीची बहुतेक यंत्रं कंपनीबरोबर म्हातारी होतात. लेथ आपले भाग आपणच घडवतं. समोर ते येणारा माणूस तेवढा उभा हवा. वजनकाट्यावर यंत्राबरोबर त्या माणसाचं कामही चढतं. त्याचा भाव किलोत निघत नाही.