मोहाचं फूल आणि आंबटाचं गणित

वैशाखात आंबोळीचं पीठ रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी काय होतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. थंडीत तेच पीठ चुलीजवळ उबेला ठेवलं तरी हलत नाही. उन्हाळ्यात मात्र चार तासांत फसफसून पातेल्याबाहेर येतं, आणि जरा उशीर झाला की आंबटढाण. पीठ आंबायला तर हवं, पण कुठे थांबवायचं ते हाताला आणि नाकाला कळावं लागतं.

आज आम्ही याच आंबण्याबद्दल बोलणार आहोत, फक्त ते पातेल्यातलं नाही, दारूच्या भट्टीतलं आहे. दारूचं नाव काढलं की आपल्यातल्या निम्म्याजणींच्या कपाळाला आठी पडते. ती का पडते ते आम्हाला ठाऊक आहे, आणि पेण-रोह्याच्या कुठल्या वाडीत कुणाच्या घरचे पैसे कुठे जातात हेही. तरीही हा विषय घेतला, कारण आपल्या जिल्ह्यात एके काळी एका फुलावर कायदा झाला होता. त्याची गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आली नाही.

ते फूल मोहाचं. चैत्राच्या सुमाराला पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. फिकट पिवळी, जाड, रसाळ फुलं. उन्हं वर यायच्या आत बायका आणि पोरं ती टोपलीत वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणून आपल्याकडच्या कातकऱ्यांनी, ठाकरांनी ती भाजून खाल्ली, शिजवून खाल्ली, धान्य संपलेल्या दिवसांत त्यांवर पोट भरलं. गुरांनाही ती घातली. त्याच फुलांची दारूही गाळली. सणाला, लग्नाला, मयताला ती लागायची. एकाच टोपलीतलं फूल जेवणही होतं आणि दारूही. पुढचा सगळा घोळ इथूनच झाला.

दारू गाळण्याआधी फुलं पाण्यात भिजत घालून आंबवावी लागतात. या आंबवणाला आपल्याकडे ‘रसायन’ म्हणतात. पोलिसांनी अमुक लिटर रसायन ओतून दिलं, अशी बातमी आपण वाचतो ना, तेच हे. त्यात यीस्ट म्हणजे किण्व हा बारीक जीव साखर खातो आणि अल्कोहोल बनवतो. पण त्याच पाण्यावर इतर जिवाणूंचाही डोळा असतो. काही जण साखरेचं आम्ल करतात, दह्यात होतं तसं. काही जण हवा मिळाली की झालेल्या अल्कोहोलचाच सिरका करून टाकतात. सकाळची गोड माडी संध्याकाळी चढते आणि पुढे आंबट होऊन जाते, ती यामुळेच.

मग आंबटपणा वाईटच का? इथे गंमत आहे. यीस्टला थोडा आंबटपणा मानवतो आणि बहुतेक नासवणाऱ्या जिवाणूंना तो मानवत नाही. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच. ते १९०९ साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने बसवलं. त्याची बायको मार्ग्रेथ त्याच्या संशोधनात बरोबरीने काम करायची, तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून आम्ही घेतलं. शुद्ध पाणी ७, लिंबाचा रस २ च्या आसपास, दही ४ ते साडेचार. आकडा जितका कमी, तितकं आंबट. रसायन ४ ते ५ च्या दरम्यान असलं की यीस्ट खूश असतं, म्हणजे साधारण दह्याएवढं किंवा त्याहून थोडं कमी आंबट. साडेतीनच्या खाली गेलं की यीस्टच मरगळतं, साखर तशीच राहते आणि आंबवण अडकून बसतं.

हे मोजमाप नव्हतं तेव्हा लोक काय करायचे? चव घ्यायचे, वास घ्यायचे, फेस ऐकायचे. बऱ्याच ठिकाणी आधीच्या खेपेचं उरलेलं आंबट पाणी नव्या फुलांवर घालायचे, आपण विरजण लावतो तसं. अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात हीच युक्ती मक्याच्या दारूसाठी वापरत. तिथल्या कॅथरीन कारपेंटर या बाईंनी १८१८ साली लिहून ठेवलेली तशी कृती आजही जपलेली आहे. नंतर फ्रान्समधल्या लील शहरात बिटाची दारू करणाऱ्या एका कारखानदाराची पिंपं आंबून वाया जाऊ लागली, तेव्हा त्याने १८५६ मध्ये लुई पाश्चर यांना बोलावलं. पाश्चरनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल दाणे होते, बिघडलेल्या पिंपात बारीक काड्यांसारखे जीव. आंबणं हे जिवंत जिवांचं काम आहे, हे तिथून जगाला कळत गेलं. कॅथरीनबाईंना आणि आपल्या डोंगरातल्या माणसांना जिवाणूंचं नाव माहीत नव्हतं, पण कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे जमत होतं.

आता कायद्याकडे येऊ. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करायच्या, दारू मोठ्या भट्ट्यांतच गाळायची, तिच्यावर कर घ्यायचा आणि परवान्याच्या दुकानातून विकायची, असा त्याचा रोख होता. माडाला कोयता लावणाऱ्या भंडाऱ्यांना झाडामागे कर होताच. आज आपल्याच जिल्ह्यात असलेल्या उरणला तेव्हा पारशी मालकांच्या मोठ्या भट्ट्या होत्या. तिथे मोहाचीच दारू निघायची आणि मुंबईला जायची. फुलं यायची पंचमहालासारख्या लांबच्या मुलखातून.

पण डोंगरातल्या माणसाने दुकानातली महाग दारू कशाला घ्यावी? झाड दारात आणि मडकं घरात. सरकारचा महसूल बुडू लागला. घराघरात शिरून भट्टी शोधणं अवघड होतं. मग सरकारने भट्टी सोडली आणि फूल धरलं. १८९२ साली मोहफुलांचा कायदा झाला, तो खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी. कुलाबा म्हणजे आपलाच जिल्हा. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. या कायद्याने मोहाची फुलं जवळ बाळगण्यावर आणि विकण्यावर बंधनं आली.

जरा विचार करा. तांदळापासूनही दारू होते, गुळापासूनही होते. पण कुणाच्या कणगीतला तांदूळ गुन्हा ठरला नाही. उरणच्या भट्टीत ढिगाने पडलेलं फूल कायदेशीर, आणि कातकरणीच्या अंगणात वाळणारं फूल संशयाचं. ती ते पेजेत घालणार की मडक्यात, हे फुलाकडे बघून कोण सांगणार? शिपायाच्या हातात मात्र ते आलं. विनोबांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, म्हणजे ते जन्मले तेव्हा हा कायदा तीन वर्षांचा होता.

पुढे दारूविरोधाची चळवळ आली. १९३० मध्ये गांधीजींनी दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं करण्याचं काम खास बायकांवर सोपवलं, कारण दारूची झळ त्यांनाच बसते. ते खरंच होतं, आजही आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. घरी दारू गाळणं त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मोहफूलही त्यात अडकलेलंच राहिलं.

दारू थांबली का? नाही. फुलाच्या जागी काळा गूळ आला आणि यीस्टला खायला नवसागर. इथे आमचं आंबटाचं गणित परत येतं. नवसागरातला अमोनिया यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे आम्ल सोडतं. गुळाच्या पाण्याला ते आम्ल पेलत नाही, त्यामुळे पीएच घसरत जातो. रसायन झपाट्याने आंबट होतं आणि मधेच अडकतं. धाडीच्या भीतीने गाळणारा घाईत असतो. पिंप झाडीत पुरलेलं, झाकण धड नाही, हवा आत जाते, सिरका होतो. चव घेऊन थांबायला वेळ कुणाला?

आणि भांडं? बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं तर ते कळकतं, म्हणून आपल्या आज्या कल्हईवाल्याची वाट बघायच्या. आंबट पदार्थ धातू खातो. भट्टीतही तेच होतं. तांब्याला हिरवा थर चढतो, आणि शिशाचा डाग दिलेलं भांडं किंवा नळी असेल तर शिसं दारूत उतरतं. मातीचं मडकं आणि बांबूची नळी यांत ही भीती नव्हती. रंगाच्या नाहीतर रसायनांच्या जुन्या पिंपात ती आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ती दारू आंबट झाली म्हणून विषारी नव्हती. तिच्यात मेथॅनॉल होतं, कारखान्यात वापरतात ते. ते चवीने ओळखता येत नाही आणि दारू उकळली म्हणून धोका टळत नाही. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यात बायकाच मागे राहिल्या, हे वेगळं सांगायला नको.

आमच्यातही यावर एकमत नाही. काहीजणी म्हणतात, फूल मोकळं झालं की भट्ट्या वाढतील. आम्हाला तसं वाटत नाही. सव्वाशे वर्षं फूल बांधून ठेवलं आणि भट्ट्या गुळावर चालत राहिल्या. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं काढली. घरी दारू गाळण्यावरची बंदी आहे तशीच आहे. आता फुलं वेचून वाळवली, विकली, त्यांचे लाडू केले तर कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. फुलं वाळवताना मात्र ती पूर्ण कोरडी होऊ द्या आणि दमट पोत्यात भरू नका. ओल राहिली तर ती पोत्यातच आंबतात आणि मग गिऱ्हाईक वासावरूनच परत जातं.