हिरवी सुई, निळी सुई

दर एकवीस दिवसांनी ताईला इंजेक्शन असायचं. ती बारा वर्षांची, मी नऊ. आधी तिचे गुडघे सुजले, मग ताप आला आणि डॉक्टरांनी निदान केलं, रूमॅटिक फीव्हर. तो पुन्हा उलटला तर हृदयाच्या झडपा खराब होतात, म्हणून पेनिसिलिन वर्षानुवर्षं घ्यायचं. आई कॅलेंडरवर लाल पेनाने तारखांना गोल करून ठेवायची. गोल जवळ आला की ताईचं जेवण कमी व्हायचं.

एकदा तिचं रडणं बघवेना, म्हणून मीच म्हटलं, "काका, बारीक सुई लावा ना." कंपाउंडरकाका मायाळू होते. हिरव्या बुडाची सुई काढून त्यांनी निळ्या बुडाची लावली. सुई आत गेली, ताई फारशी ओरडली नाही. मला उगीचच शहाणं झाल्यासारखं वाटलं. पण दट्ट्या अर्ध्यावर जाऊन थांबला. काकांचा अंगठा जोर लावून पांढरा पडला, तरी औषध सरकेना. शेवटी ती सुई काढून पुन्हा हिरवी लावली आणि दुसऱ्या बाजूला टोचलं.

पुढच्या वेळी ताई दवाखान्याच्या पायरीवरूनच पळाली. ती तारीख चुकली, त्यानंतरचीही.

पुढे मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये गेलो. पण दुसऱ्या वर्षी फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर एक सूत्र लिहिलं, तेव्हा मला तो पांढरा अंगठा आठवला. सर त्या शास्त्रज्ञाचं नाव 'पॉइझल' असं घ्यायचे. खरा उच्चार 'प्वाझय'च्या जवळ जातो.

ज्याँ प्वाझय पॅरिसचा डॉक्टर. आधी तो एकोल पॉलितेक्निक या नामांकित अभियांत्रिकी संस्थेत होता. १८१६ मध्ये ती संस्था काही काळ बंद पडली आणि तो वैद्यकाकडे वळला. रक्त बारीक वाहिन्यांतून कसं वाहतं, हा त्याचा ध्यास. शरीराबाहेर काढलेलं रक्त गोठतं, म्हणून त्याने पाणी घेतलं. मिलिमीटरहून कमी व्यासाच्या काचेच्या नळ्या घेतल्या, त्यांचा व्यास काटेकोर मोजला आणि ठरावीक दाबाखाली किती पाणी जातं ते वर्षानुवर्षं नोंदवलं. १८४०च्या सुमारास निष्कर्ष हाती आला: प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला, तर त्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. त्याच सुमारास, १८३९ मध्ये, गॉटहिल्फ हागेन हा जर्मन इंजिनिअरही पितळी नळ्या वापरून याच उत्तराशी पोचला होता. म्हणून नियमाला दोघांचं नाव आहे.

गंमत म्हणजे तेव्हा आजच्यासारखी इंजेक्शनची सिरिंज नव्हतीच. १८४४ मध्ये डब्लिनला फ्रान्सिस रिंड या डॉक्टरने पोकळ सुईतून कातडीखाली औषध सोडलं, पण त्याच्या उपकरणाला दट्ट्या नव्हता. औषध आपल्या वजनाने खाली उतरायचं. १८५३ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल प्राव्हाझने दट्ट्याला स्क्रू जोडला. स्क्रू फिरवला की औषध थेंबाथेंबाने पुढे जायचं. त्याच सुमारास एडिंबराच्या अलेक्झांडर वुडने साध्या दट्ट्याची सिरिंज वापरली. तिथून हे काम माणसाच्या अंगठ्यावर आलं आणि प्वाझयचं सूत्रही अंगठ्याशी जोडलं गेलं.

सुईच्या जाडीचे नंबर मात्र वैद्यकातून आलेले नाहीत. ते इंग्लंडच्या तार ओढणाऱ्या कारखान्यांतले. तार एकाहून एक लहान छिद्रांतून ओढत नेली की ती बारीक होत जाते, म्हणून गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. हिरवं बूड म्हणजे २१ गेज, निळं म्हणजे २३. बाहेरून एक ०.८२ मि.मी. जाड, दुसरी ०.६४. डोळ्याला फरक जेमतेम कळतो. आतलं छिद्र मात्र साधारण ०.५१ आणि ०.३४ मि.मी. आता चौथा घात घ्या. तेवढंच औषध तेवढ्याच वेळात घालायचं तर निळ्या सुईला जवळजवळ साडेपाच पट दाब हवा.

शिवाय दाब म्हणजे जोर नव्हे. जोर म्हणजे दाब गुणिले दट्ट्याचं क्षेत्रफळ. सिरिंजचा व्यास दुप्पट झाला तर तोच दाब आणायला अंगठ्याला चौपट जोर लागतो. बदल्यात दट्ट्या चौथ्या हिश्शाइतकाच सरकवावा लागतो. एकूण कष्ट तेवढेच, वाटणी वेगळी. उलट बाजूने, लहान सिरिंजमध्ये हलक्या अंगठ्यानेही भलताच दाब तयार होतो. म्हणून शिरेत आत खोलवर घातलेली नाजूक नळी धुताना नर्सेस १० मि.ली.ची किंवा त्याहून मोठी सिरिंज घेतात, नळी फाटू नये म्हणून.

इन्सुलिन घेणाऱ्यांची ३१ गेजची सुई केसासारखी बारीक असूनही चालते, ती यामुळेच. औषध पाण्यासारखं पातळ, मात्रा अगदी थोडी, सिरिंज अरुंद.

ताईचं औषध नेमकं उलट होतं. बेंझाथिन पेनिसिलिन पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक स्फटिक पाण्यात तरंगतात. म्हणूनच ते स्नायूत साठून काही आठवडे हळूहळू उतरत राहतं आणि रोज टोचावं लागत नाही. पण हेच स्फटिक बारीक सुईत दाटी करून बसतात. त्या दिवशी साडेपाच पट दाबाचा हिशेब होताच, वर सुई तुंबली. काका कितीही पैलवान असते तरी उपयोग नव्हता.

दोन तारखा चुकल्यावर ताईला पुन्हा ताप आला. ती बरी झाली, पण एक झडप थोडी गळते ती गळतेच. दरवर्षी इको करावा लागतो. माझ्या एका वाक्यामुळे असं झालं का, याचं उत्तर कुठल्याही सूत्रात नाही, आणि ताईने मला तसं कधी म्हटलेलंही नाही.

त्यानंतर त्या दवाखान्यात एक वयस्क सिस्टर आल्या. त्या बाटली तळहातांत धरून नीट हलवायच्या, औषध खाली बसायच्या आत सिरिंजमध्ये भरायच्या आणि हिरवीच सुई लावायच्या. टोचल्यावर सावकाश, एका लयीत दट्ट्या ढकलायच्या आणि तेवढा वेळ ताईला शाळेतल्या गोष्टी विचारत राहायच्या. प्वाझय त्यांना माहीत असेल असं वाटत नाही.

गेल्या महिन्यात हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं, चौथ्या घातासकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे हिरवीच बरोबर होती?"

म्हटलं, "हो."

"तरी दुखायची रे," ती म्हणाली.