दात आंबणं, तिळाचं पाणी आणि हेमाडपंत

काशीत शिंदे घाटाकडून पंचगंगेकडे निघालात की वाटेत भोसले घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ. गंगेच्या पायऱ्यांवर सकाळी कडुनिंबाची काडी चावणं ही इथली जुनीच रीत. आज मी बोलणार आहे ते त्याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे गुळणीवर.

दात घासून झाले की काही मिनिटांतच लाळेतली प्रथिनं एनॅमलला चिकटू लागतात. त्यांचा अगदी पातळ पापुद्रा बनतो, त्याला पेलिकल म्हणतात. आंबट पदार्थांमुळे दाताची होणारी झीज तो काही अंशी थोपवतो. हा पापुद्रा बाहेरून प्रथिनं देऊन बळकट करता येईल का, यावर आज संशोधन चालू आहे. ब्राझीलमध्ये बाउरू इथल्या दंतविद्यालयात मारिलिया बुझालाफ आणि त्यांचे सहकारी उसाच्या जनुकावरून तयार केलेलं प्रथिन यासाठी तपासतात. ज्या उसाच्या साखरेनं दात किडतात, त्याच उसाचं प्रथिन दाताच्या राखणीला!

आता मागे जाऊ. सुश्रुतसंहिता स्वतःला काशिराज दिवोदासाची शिकवण म्हणवते, म्हणजे या विद्येचं एक मूळ काशीतच सांगितलं जातं. पण गुळणीचा नेटका अध्याय सापडतो तो वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त, सूत्रस्थानाच्या २२व्या अध्यायात. तोंड गच्च भरून द्रव स्थिर धरायचा तो गंडूष, खुळखुळवता येईल इतकाच घ्यायचा तो कवल. दंतहर्ष, म्हणजे आपण ज्याला दात आंबणं म्हणतो, त्यावर वाटलेल्या तिळाचं पाणी. रोजच्या गंडूषाला तेल किंवा मांसाचा रस. तोंड भाजलं तर तूप किंवा दूध. किती वेळ धरायचं? तोंड कफानं भरेपर्यंत, नाहीतर नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली ती हेमाद्रीनं. देवगिरीच्या यादवांचा १३व्या शतकातला मंत्री, आपला हेमाडपंत. देवळांच्या बांधणीमुळे आपण त्याचं नाव घेतो, वैद्यकाची ही टीका मात्र विसरतो.

तीळ, दूध, मांसरस या तिन्हींत प्रथिनं आहेत. इथे ‘आपल्याकडे सगळं होतंच’ असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. वाग्भटाचा विचार वात, पित्त, कफाचा आहे, पापुद्र्याचा नाही. त्यानं तेलही सांगितलंय आणि तेलात प्रथिनं नसल्यातच जमा. तिळाच्या पाण्यानं पेलिकल बळकट होतं असं त्या श्लोकातून सिद्ध होत नाही.

पण उलट टोकाला जाऊन हे सगळं थोतांड म्हणणंही तितकंच चुकीचं. कोणता द्रव, कोणत्या तक्रारीवर, किती वेळ, हे प्रश्न त्या वैद्यांनी नेमके विचारले होते. उत्तर तपासायची साधनं आज आपल्याकडे आहेत: एनॅमलचा तुकडा, आम्ल आणि झीज मोजणारं यंत्र. तोवर फ्लोराइडची पेस्ट सोडू नका. आणि हेमाडपंताचा अभिमान असेल, तर त्याच्या पोथीतली गुळणी प्रयोगशाळेत न्या. पास होवो वा नापास, तिचा खरा मान त्यातच आहे.