वॉर्सातील ‘डाकघर’

१८ जुलै १९४२ रोजी, नाझी अमलाखालील वॉर्सा शहरात भिंत घालून कोंडलेल्या ज्यू वस्तीत, एका अनाथाश्रमाच्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ पोलिश भाषेत सादर केले. आश्रमाचे चालक यानुश कोर्चाक हे पेशाने बालवैद्य आणि वृत्तीने लेखक. क्रोखमाल्ना रस्त्यावरची आश्रमाची वास्तू १९१२ साली उभी राहिली. १९४० च्या अखेरीस ती सोडावी लागली. पुढे वस्तीच्या सीमा आक्रसल्या तेव्हा आणखी एकदा बिऱ्हाड हलले. आईबापांचे छत्र आधीच हरपलेल्या मुलांचे हे दुसरे घरही गेले.

वास्तू गेली तरी कोर्चाकांनी तिची रीत मोडू दिली नाही. मुलांचे न्यायालय नव्या जागीही भरत राहिले. त्यात न्यायाधीश मुलेच असत, संहितेतील बहुतेक कलमे क्षमेची असत आणि शिक्षकावरही फिर्याद करता येई. स्वतः कोर्चाक पूर्वी आरोपी म्हणून उभे राहिले होते. जेथे भिंतीबाहेरचा कायदा ज्यू मुलाला माणूस मानीत नव्हता, तेथे त्याचे गाऱ्हाणे रीतसर ऐकून घेणारी ही एक जागा होती.

मुलांनी मृत्यूला शांतपणे सामोरे जावे म्हणून हे नाटक निवडले, असे कोर्चाकांनी म्हटल्याचे सांगतात. या एका उत्तराने त्या प्रयोगाचा उरलेला अर्थ झाकला गेला आहे. अमल मरतो हे खरे. पण त्याआधी वैद्याच्या हुकमाने खोलीत अडकलेला हा मुलगा खिडकीतून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधाशी बोलतो, दूरच्या डोंगरांपलीकडे जायचे म्हणतो. भिंतीआडच्या मुलांना हे बोलणे पाठ करायचे होते, तालमी करायच्या होत्या. भाकरीखेरीज आणखी कशाची तरी वाट पाहण्याचे ते दिवस होते.

२२ जुलैला वस्तीतून माणसे हलवण्यास प्रारंभ झाला. स्वतःच्या सुटकेचे प्रस्ताव नाकारून कोर्चाक मुलांजवळ राहिले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते, त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का आणि सुमारे २०० मुले यांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आले.

कोर्चाकांची दैनंदिनी मात्र वाचली. ४ ऑगस्टच्या नोंदीत ते खिडकीशी उभे राहून फुलझाडांना पाणी घालीत आहेत. बाहेर बंदूकधारी जर्मन शिपाई त्यांच्याकडे पाहत आहे. हा पूर्वी एखाद्या खेड्यात मास्तर तर नसेल, असे त्यांच्या मनात येते.