पहिल्या ठशांची किंमत

नाण्याचे मोल धातूत की त्यावरील राजमुद्रेत, हा वाद जुना आहे. संग्राहकांच्या बाजारात मात्र तिसरेच उत्तर मिळते. नाणे ठसा ताजा असताना उतरले की तो झिजल्यावर, यावरही तेथे मोल ठरते.

'प्रूफ' नाणे व्यवहारासाठी नसतेच. त्याची चकती आणि ठसा दोन्ही घासून चकचकीत करतात व दाब एकाहून अधिक वेळा देतात. ठशाचा आकृतीचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवला, तर नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी आणि मुखवटा हिमासारखा पांढरा उमटतो. दुरंगी दगडात कोरलेल्या उठावचित्रावरून यास 'कॅमिओ' म्हणतात. पूर्वी हा खरखरीतपणा थोड्याच नाण्यांत झिजून जाई. अमेरिकेतील १९५० ते १९६३ दरम्यानच्या फ्रँकलिन अर्ध्या डॉलरची उत्तम कॅमिओ नाणी म्हणूनच त्याच वर्षाच्या साध्या प्रूफपेक्षा पुष्कळ महाग विकली जातात. पुढे ठसे टिकविण्याच्या रीती सुधारल्या, प्रत्येक नाणे कॅमिओ होऊ लागले आणि त्या गुणाचे जादा मोल जवळजवळ संपले. सौंदर्य तेच होते; गेली ती दुर्मिळता.

आपल्याकडे मुंबईच्या टांकसाळीने हे काम दीर्घकाळ केले आहे. तिच्या साध्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असते. प्रूफवर आधी 'बी' आणि नंतर 'एम' हे रोमन अक्षर आले. घेणाऱ्याने प्रथम हे अक्षर पाहावे, कारण घासून चकाकविलेले साधे नाणे प्रूफ म्हणून खपविणे अवघड नसते. ब्रिटिश अमदानीतील प्रूफबाबत तर अधिक सावध राहावे लागते. मुंबई व कोलकात्याच्या टांकसाळी जुन्या ठशांवरून संग्राहकांना नव्याने नाणी पाडून देत, आणि हा प्रकार १९७० पर्यंत चालला. नाण्यावर साल एक, पाडले गेले भलत्याच वर्षी! खुद्द सरकारी टांकसाळीनेच पाडलेल्या या नाण्याला खोटे तरी कसे म्हणावे? बाजाराने मात्र निकाल दिला आहे: मूळ प्रूफ वेगळे, पुनर्मुद्रित वेगळे, आणि दरही वेगळे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आमच्या साताऱ्याकडची शिवराई उभी आहे. १६७४च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेले हे तांब्याचे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात होते. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीस 'छत्रपति'. ठसा चकतीपेक्षा मोठा आणि घाव हातोड्याचा, त्यामुळे निम्मी अक्षरे चकतीबाहेरच राहात. पूर्ण अक्षरांची शिवराई म्हणून महाग. पण तिचे मोल कॅमिओसारखे मुद्दाम घडविलेले नव्हे. कुणा अनाम कारागिराचा हात त्या क्षणी नेमका बसला, एवढेच. प्रूफ नाण्याने बाजार पाहिलेला नसतो. शिवराईने मात्र दोनअडीचशे वर्षे दुसरे काही केलेच नाही. इतिहासाचा साक्षीदार म्हणून आम्ही तिलाच वरचे स्थान देऊ.

आणि नेमकी तिचीच हेळसांड होते. मलकापूर-कऱ्हाड भागातील देव्हाऱ्यांत कुंकू माखलेली एखादी शिवराई अजून आढळते. दिवाळीपूर्वी ती चिंच किंवा पीतांबरी लावून लखलखीत केली जाते. घरच्यांचा भाव निर्मळ असतो. पण तांब्यावरचा जुना तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही, आणि जाणता ग्राहक त्या चकाकीकडे पाहून नाणे खाली ठेवतो. धूळ बसलीच असेल, तर साधे पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.