हप्त्यांची मोटार आणि तिचें मोल

काळाचौकीच्या नाक्यावरून पूर्वेकडे निघालें कीं थोड्याच अंतरावर शिवडी लागते. या शिवडींत १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांत भरून आगबोटीनें मुंबई बंदरांत येत आणि शिवडीस त्यांची शेव्हरोलेट गाडी उभी राही. भोंवतालीं गिरण्यांचीं धुराडीं, कापसाचीं गोदामें आणि माणसांनीं खच्चून भरलेल्या चाळी. त्या चाळींतील एखाद्या बिऱ्हाडांत मोटार यावी ही कल्पनाही त्या काळीं हास्यास्पद ठरली असती. परंतु कर्ज मात्र अशा बिऱ्हाडांत जुनें झालेलें होतें.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसानें १९२१-२२ सालीं कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तींत शेंकडा ४७ कुटुंबें कर्जबाजारी आढळलीं. व्याजाचा रूढ दर दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे शंभर रुपयांच्या कर्जावर महिन्यास सव्वासहा रुपये आणि वर्षास पंचाहत्तर. आणि एवढें देऊनही मुद्दल जसेंच्या तसें शिल्लक! पगाराच्या दिवशीं गिरणीच्या दाराशीं हातांत दंडुका घेऊन उभा राहणारा पठाण सावकार मुद्दलाची घाई करीत नसे; त्यास व्याज हवें असे. १९३१ सालच्या रॉयल कमिशनच्या अहवालानें तर बहुतेक औद्योगिक शहरांत दोन-तृतीयांश कुटुंबें ऋणांत असल्याचें नमूद केलें. हें कर्ज लग्नकार्यासाठीं, आजारपणासाठीं, गांवच्या शेतासाठीं काढलेलें असे. त्यांतून कमाईचें साधन क्वचितच उभें राही.

हप्त्यानें वस्तु घेण्याची पद्धति याहून वेगळी आहे आणि तिचा उगम मोटारींत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत सिंगर कंपनीनें शिवणयंत्रें थोडथोड्या पैशांवर देण्यास आरंभ केला. शिवणयंत्र घेणारी बाई त्याच यंत्रावर कपडे शिवून हप्ता भरूं शकत असे, हें येथें विसरतां कामा नये. पुढें इंग्लंडांत एका गृहस्थानें भाडें-खरेदीच्या करारानें पियानो घेतला आणि हप्ते पुरे होण्यापूर्वींच तो गहाणवटवाल्याकडे ठेवून पैसे उचलले. हें प्रकरण थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें. १८९५ सालीं निकाल लागला तो असा कीं, पियानो घेणारानें तो विकत घेण्याचें बंधन पत्करलेलें नव्हतें, तो केवळ भाडेकरी होता. सबब मालकी विकणाराचीच राहिली. या एका निकालावर भाडें-खरेदीची सारी इमारत उभी आहे. वस्तु घरांत, ताबा आपला, मालकी दुसऱ्याची!

मोटारीच्या बाबतींत या पद्धतीचा पहिला मोठा विरोधक कोण असावा? दुसरातिसरा कोणी नव्हे, खुद्द हेन्री फोर्ड. कर्जानें वस्तु घेणें त्यांच्या मनास रुचत नसे. १९२३ सालीं त्यांनीं अशी योजना काढली कीं, गिऱ्हाइकानें दर आठवड्यास पांच डॉलर जमा करीत जावें आणि पूर्ण किंमत साठली म्हणजे गाडी न्यावी. लालबाग-परळच्या चाळींतील भिशीचीच ही एक जात म्हणावयाची. फरक इतकाच कीं, भिशींत एखाद्याची पाळी पहिल्याच महिन्यांत लागूं शकते. फोर्डसाहेबांच्या योजनेंत सर्वांनाच थांबावें लागे. लोक थांबले नाहींत. जनरल मोटर्सनें १९१९ सालींच कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी काढून ठेविली होती. शेंकडा ३५ रोख भरा, उरलेले वर्षभरांत द्या आणि गाडी आजच घेऊन जा. १९२८ सालीं फोर्ड कंपनीसही अशीच संस्था काढणें भाग पडलें.

ही रीत लोकांचें कल्याण करणारी कीं त्यांना बुडविणारी, हा वाद तेव्हां इतका पेटला कीं कोलंबिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांनीं १९२७ सालीं त्यावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. निष्कर्ष हप्त्यांच्या बाजूचा होता. ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहे; मात्र त्या संशोधनाचा खर्च जनरल मोटर्सनें सोसला होता, हें ध्यानांत ठेवूनच तो वाचावा हें बरें.

शिवडीचा कारखाना १९५४ सालीं बंद झाला. केवळ भाग आणून जुळविणाऱ्यांस सरकारनें मुभा ठेविली नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना तेवढा मुंबईची मोटार म्हणून लोकांच्या डोळ्यांपुढें राहिला. आणि मग आला दुर्भिक्ष्याचा काळ. फियाटसाठीं अनामत भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. परिणाम असा झाला कीं, हातीं आलेली गाडी थोडी वापरून विकली तरी कारखान्याच्या किंमतीहून अधिक पैसे मिळत. त्या काळीं ज्यानें कर्ज काढून गाडी घेतली तो सहसा बुडाला नाहीं. मोटार म्हणजे मालमत्ता, ही समजूत मुंबईच्या मध्यमवर्गांत रुजली ती तेव्हां. ती समजूत खोटी नव्हती; पण ती टंचाईचें अपत्य होती, मोटारीचा गुण नव्हे.

१९ जुलै १९६९ रोजीं १४ बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें आणि लहान वाहतूकदारांस कर्ज देणें हें बँकांच्या अग्रक्रमाच्या कामांत आलें. टॅक्सीवाल्यास सावकाराखेरीज दुसरें दार उघडें झालें. पुढें १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले आणि पुष्कळांस पुन्हां गिरणीचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं. गिरणगांवांतील ज्या कांहीं घरांनीं त्यानंतर टॅक्सीसाठीं कर्ज काढलें, त्यांचा हिशोब सरळ होता: गाडी रोज किती मिळविते, त्यांतून पेट्रोल, दुरुस्ती आणि हप्ता वजा जातां चूल पेटते कीं नाहीं.

टंचाई संपली ती १९८३ सालीं मारुतीची पहिली गाडी रस्त्यावर आल्यानंतर, आणि १९९३ सालीं मोटार-उद्योगाचे परवाने उठल्यावर पुरतीच. गाडी हवी तेव्हां मिळूं लागली, आणि त्याच दिवसापासून तिची किंमत विकत घेतल्या क्षणीं उतरूं लागली. वडिलांचा अनुभव मुलांच्या कामीं येईना. आज काळाचौकींत जुन्या चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहात आहेत, खालीं मोटारींचे मजले आहेत, आणि एके काळीं ज्यांच्या आजोबांनीं रुपयास आणा व्याज भरलें त्यांच्या नातवांना वीस-वीस लक्षांचें कर्ज देऊं करणारे दूरध्वनि येतात.

त्या वीस लक्षांचा हिशोब पाहावा. व्याज शेंकडा ९, उरलेल्या मुद्दलावर. पांच वर्षांच्या मुदतीस महिन्याचा हप्ता सुमारें ४१,५०० रुपये पडतो आणि एकूण व्याज ४ लक्ष ९१ हजारांच्या आसपास. मुदत सात वर्षें केली तर हप्ता ३२,२०० वर येतो. जीव हलका होतो. व्याज मात्र ७ लक्षांवर जातें. आणि दोन वर्षें नेमानें हप्ते भरल्यावरही साडेपंधरा लक्ष देणें शिल्लक राहतें. ज्यानें रोख रक्कम थोडी भरली त्याच्या गाडीस तोंवर बाजारांत तेवढी किंमत येईलच असें नाहीं. मग नोकरी गेली, आजारपण आलें, तर गाडी विकूनही कर्ज फिटत नाहीं. व्याज मूळ रकमेवर सरसकट आकारलें तर आंकडा आणखी फसवितो: अशा पद्धतीचे पांच वर्षांचे सात टक्के हे वास्तविक सुमारें साडेबारा टक्के असतात. म्हणून दर कोणता हें विचारण्याआधीं तो कशावर मोजला आहे तें विचारावें लागतें.

महाग गाडीचा हप्ता कोणास परवडतो? ज्यानें तिसरा हिस्सा रोख भरला, मुदत आंखूड ठेविली आणि हप्ता देऊनही संकटासाठीं सहा महिन्यांचा खर्च बाजूस ठेविला, त्यानें खुशाल हौस करावी. सुखसोयीसही मोल आहे, आणि तें नाकारणें हा ढोंगीपणा होईल. बाकीच्यांनीं ऋण काढून सण करण्यापूर्वीं लहान गाडीचा, किंवा एकदां वापरलेल्या गाडीचा विचार केलेला बरा. एवढी उतरंड पहिल्या मालकानें सोसलेली असते.

मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत नोंदली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरांत तिची सद्दी संपली. टॅक्सीचें कर्ज चारपांच वर्षांत फेडून टाकणाऱ्या मालकास अशी गाडी पुढें पंधरा वर्षें भाडीं मिळवून देई. आणि मोडीत काढतांना तिची जी किंमत येई, ती त्यानें हिशोबांत कधीं धरलेलीच नसे.