डाग गेला कुठे?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या आवारात एका जुन्या मोटारीचे इंजिन ऑइल गळले. सिमेंटच्या फरशीवर ताटाएवढा काळा डाग पडला. त्यावरून एक स्कूटर घसरली आणि डाग ताबडतोब घालवायला हवा, यावर सर्वांचे एकमत झाले. मी रसायनांशी संबंधित काम करतो हे शेजाऱ्यांना ठाऊक असल्याने उपाय मलाच विचारला गेला. मी सांगितले, "थोडे डिझेल ओता, ब्रशने घासा, मग कपडे धुण्याची पावडर टाकून पाइपच्या पाण्याने धुऊन काढा." तसे केले. दहा मिनिटांत फरशी स्वच्छ झाली. इंद्रधनुषी रंगाचे फेसाळ पाणी गटाराच्या जाळीतून खाली गेले. ते गटार पुढे नाल्याला मिळते आणि नाला नदीला.

त्या रात्री लक्षात आले, की मी सांगितलेली कृती नवी नव्हती. तेल पातळ करणारा एक द्रावक आणि तेल पाण्यात मिसळवणारा एक अपमार्जक. नेमकी हीच जोडी १९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर हजारो टनांनी ओतली गेली होती. तिथे काय झाले हे मी वाचलेले होते, विद्यार्थ्यांना सांगितलेलेही होते. तरी स्वतःच्या अंगणात मी तीच चूक केली. म्हणून ही हकीकत पुन्हा एकदा सांगावीशी वाटते.

सेव्हन स्टोन्सचा खडक

१८ मार्च १९६७ या दिवशी 'टॉरी कॅन्यन' नावाचे प्रचंड तेलवाहू जहाज कुवेतचे कच्चे तेल घेऊन वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदराकडे निघाले होते. त्यात सुमारे १ लाख १९ हजार टन तेल होते. बंदरात शिरायला भरतीची वेळ गाठायची होती, म्हणून जवळचा मार्ग धरला गेला. इंग्लंडचे नैर्ऋत्य टोक आणि सिली बेटे यांच्यामध्ये 'सेव्हन स्टोन्स' नावाची खडकांची रांग आहे. त्यातल्या एका खडकावर जहाज चढले आणि तळ फाटला.

एवढ्या मोठ्या जहाजाचा असा अपघात तोपर्यंत जगाने पाहिला नव्हता. काय करायचे याची तयारी कोणाकडेच नव्हती. जहाज ओढून काढण्याचे प्रयत्न फसले, त्यात बचाव पथकातील एकाचा जीव गेला. जहाजाचे तुकडे झाल्यावर मार्चच्या अखेरीस ब्रिटिश विमानांनी त्यावर बाँब टाकले, पेट्रोल आणि नापाम ओतून उरलेले तेल पेटवण्याचा प्रयत्न केला. तोपर्यंत तेलाचे तवंग कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागले होते. हजारो समुद्रपक्षी तेलाने माखून मेले. ईस्टरची सुटी जवळ आली होती आणि हा सारा किनारा पर्यटकांवर जगणारा. वाळू काळी दिसता कामा नये, ही सर्वांचीच घाई होती.

अपमार्जक काय करतो?

इथे क्षणभर थांबून अपमार्जकाचे काम पाहू. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, दुसरे तेलाकडे. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर असे रेणू दाटीने उभे राहिले, की तेलाचा सलग थर मोडतो आणि त्याचे असंख्य सूक्ष्म थेंब होऊन पाण्यात पसरतात. डोळ्यांना तेल दिसेनासे होते. पण तेलाचा एकही रेणू त्यामुळे नाहीसा झालेला नसतो. तेल फक्त पृष्ठभागावरून पाण्याच्या आत गेलेले असते. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आपण आठवी-नववीत शिकवतो. तो इथे लावून पाहण्याचे मात्र राहून जाते.

१९६७ मध्ये वापरलेली रसायने धुण्याच्या पावडरीपेक्षा वेगळी होती. जाड तेलात शिरता यावे म्हणून त्यांत अपमार्जकाबरोबर पेट्रोलियमपासून काढलेला, ॲरोमॅटिक संयुगे भरपूर असलेला द्रावक होता. मूळची ही द्रव्ये जहाजांच्या टाक्या आणि यंत्रघरांच्या फरशा धुण्यासाठी असत. म्हणजे ती फरशीसाठीच बनलेली होती! कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सुमारे १४ हजार टन तेल लागले. त्यावर सुमारे १० हजार टन अपमार्जक ओतला गेला. सैनिकांनी पिंपेच्या पिंपे खडकांवरून रिकामी केली.

खडकावरचे साक्षीदार

जवळच प्लिमथ येथे सागरी जीवशास्त्राची एक जुनी प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हातातली कामे बाजूला ठेवली आणि सर्वजण किनाऱ्यावर उतरले. सर्वेक्षणाचा अहवाल जे. ई. स्मिथ यांच्या संपादनाखाली १९६८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांना जे आढळले ते अनपेक्षित होते. जिथे नुसते तेल लागले होते, तिथे खडकावरचे बरेचसे प्राणी तगून होते. जिथे अपमार्जक ओतला होता, तिथे ते मेले होते.

या कथेतला मुख्य साक्षीदार आहे लिंपेट. गोगलगायीच्या कुळातला हा छोटा प्राणी चिनी टोपीसारखे कवच घेऊन खडकाला घट्ट चिकटलेला असतो. त्याचे भाईबंद आपल्या कोकणातल्या खडकांवरही ओहोटीच्या वेळी दिसतात. लिंपेट खडकावरचे कोवळे शेवाळ खरवडून खातो. तेल माखलेल्या खडकावरही लिंपेट चरत होते. तेल त्यांच्या पोटातून जाऊन विष्ठेतून बाहेर पडत होते. एका अर्थी तेच खडक साफ करत होते. अपमार्जकाने या सफाई कामगारांनाच मारले. प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसले, की दहा लाख भाग पाण्यात या द्रव्याचे काही थोडे भाग असले, तरी अनेक किनारी प्राण्यांना ते मारक ठरत होते.

लिंपेट गेल्यावर शेवाळाला खाणारे कोणी उरले नाही. काही महिन्यांतच खडक हिरवेगार झाले. मग त्यांवर मोठ्या तपकिरी समुद्रशैवालाचे रान माजले. त्याच्या सावलीत लिंपेटची नवी पिढी बेसुमार वाढली. तिने शैवाल फस्त केले आणि मग अन्न संपल्याने ते लिंपेट खडकांवरून भटकू लागले, मेले. कधी एकाची चलती, कधी दुसऱ्याची. हा झोका स्थिरावायला जास्त अपमार्जक ओतलेल्या ठिकाणी दहा वर्षे आणि काही जागी त्याहून अधिक काळ लागला. ॲलन साउथवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे त्याच खडकांवर जाऊन मोजदाद केली, म्हणून हे आपल्याला कळले.

तुलनेसाठी एक जागा सुदैवाने राखली गेली होती. गॉड्रिव्ही नावाच्या भूशिराजवळ सील राहतात. त्यांना इजा होऊ नये म्हणून तिथे अपमार्जक वापरला नाही. लाटा, ऊन, जीवाणू आणि लिंपेट यांच्यावर काम सोपवले. तो किनारा दोन-तीन वर्षांत पूर्ववत झाला. प्रयोगात 'नियंत्रित नमुना' का ठेवायचा, हे विद्यार्थ्यांना पटवून द्यायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

गरम पाण्याची चूक

धडा शिकला गेला का? काही अंशी. नंतरचे अपमार्जक खूपच कमी विषारी बनवले गेले. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणावर १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. पण 'स्वच्छ दिसले पाहिजे' ही घाई गेली नाही. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डीझ' जहाज खडकावर आदळून सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. या वेळी किनाऱ्यावरचे खडक कढत पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतले गेले. तेलातून वाचलेले जीव गरम पाण्याने मेले. मुद्दाम न धुता राखून ठेवलेल्या जागांशी तुलना केल्यावर दिसले, की धुण्याने किनारा सुधारायला मदत होण्याऐवजी खीळच बसली होती.

त्याच किनाऱ्यावर दुसरा एक उपाय मात्र आशादायक ठरला. तेल खाणारे जीवाणू निसर्गात सर्वत्र असतात. अमेरिकेतील क्लॉड झोबेल यांनी १९४६ मध्येच या विषयावरील तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला होता. तेलात कार्बन आणि हायड्रोजन भरपूर, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. जीवाणूंच्या दृष्टीने ते नुसत्या भातासारखे अपुरे जेवण. अलास्कात किनाऱ्यावर नत्र-स्फुरदयुक्त खते टाकल्यावर अनेक ठिकाणी तेलाच्या विघटनाचा वेग वाढला. मात्र वाळू-गोट्यांखाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे तेल काही दशकांनंतरही सापडत राहिले. जीवाणूंनाही श्वास लागतोच.

या विषयात एका भारतीयाचे नाव अटळ आहे. पश्चिम बंगालमध्ये १९३८ साली जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत स्यूडोमोनास जातीच्या एका जीवाणूत तेलाचे निरनिराळे घटक पचवणारे प्लाझ्मिड एकत्र आणले. त्याच्या पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये चक्रवर्तींच्या बाजूने पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. जैवतंत्रज्ञानाच्या इतिहासातला तो मैलाचा दगड. गंमत अशी, की तेलगळती साफ करायला तो जीवाणू समुद्रात सोडला गेलाच नाही. काम चालते ते निसर्गातून निवडलेल्या जीवाणूंवर. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने तयार केलेले 'ऑइलझॅपर' हे अशाच जीवाणूंचे मिश्रण आपल्या देशातील तेलशुद्धीकरण कारखान्यांचा तेलकट गाळ साफ करायला वापरले गेले आहे.

आपल्या दारातही हे प्रश्न आले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन सांडलेले इंधन तेल उरण, घारापुरी, अलिबागपर्यंत पसरले आणि खारफुटीत शिरले. खारफुटीची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. ती घासता येत नाहीत, गरम पाण्याने धुताही येत नाहीत. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातातील विहीर फुटल्यावर सुमारे ७० लाख लिटर तेलविखुरक द्रव्य वापरले गेले. ते योग्य होते का, याचा वाद शास्त्रज्ञांत संपलेला नाही. खोल समुद्रात तेल विखुरल्याने पक्षी आणि किनारा वाचू शकतात, पण पाण्यातल्या जीवांना त्याची झळ बसते. कोणाला वाचवायचे, हा निर्णय परिस्थिती पाहूनच घ्यावा लागतो.

पुन्हा अंगणात

समुद्राच्या मानाने आमचा डाग क्षुल्लक. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये धातूंचे कण आणि बहुवलयी ॲरोमॅटिक संयुगे असतात, आणि असे डाग एकट्या आमच्याच आवारात पडत नाहीत. गॅरेजमधले जुने मिस्त्री काय करतात? सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा, कोरडी माती किंवा राख पसरतात, ती तेल शोषून घेईपर्यंत थांबतात आणि झाडूने गोळा करतात. राहिलेल्या डागावर तीच कृती पुन्हा. यात तेल कुठे गेले ते दिसते. ते भुशात आहे, आपल्या हाती आहे. तो भुसा नाल्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, कंपोस्टमध्येही घालायचा नाही. बंद डब्यात ठेवून, जे गॅरेज वापरलेले तेल अधिकृत पुनर्चक्रीकरणासाठी देते तिथे पोचवायचा. शेवटचा फिकट डाग राहिलाच, तर त्याच्यासोबत राहायची तयारी ठेवायची. ऊन आणि जीवाणू त्यांच्या गतीने काम करतील.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. चार बशांत ओल्या कापसावर प्रत्येकी वीस मोहरीचे दाणे पेरा. पहिलीत साधे पाणी, दुसरीत पाणी आणि खाद्यतेलाचे काही थेंब, तिसरीत पाणी आणि धुण्याची पावडर, चौथीत तिन्ही. रोज अंकुर मोजा, मुळांची लांबी मोजा, आलेख काढा. निष्कर्ष मी सांगत नाही, तो मुलांनाच काढू द्या. आणि साधे पाणी घातलेली बशी का ठेवली, हेही विचारा. तिचे नाव हवे तर गॉड्रिव्ही ठेवा.

आमच्या आवारात आता जिन्याखाली भुशाचे एक पोते ठेवलेले आहे. मी डिझेलने घालवलेला तो डाग मात्र कुठे गेला, हे मला पक्के ठाऊक आहे. तो नदीच्या वाटेला लागला.